मधल्या सुट्टीनंतरची हजेरी

शनिवारची सकाळ होती. सोमाटणे फाट्यावर मी उर्से गावाकडे जाणाऱ्या रिक्षाची वाट पाहत उभी असताना आमच्या शनिवारच्या वर्गातल्या पल्लवीचा फोन आला. "बाई, आज वर्गावर नका येऊ. ताईंच्या घरीच या," एवढे बोलून ती थांबली... उत्तर माहीत असूनही ज्यांच्या तोंडून ते बाहेर पडत नाही, अशी मुले मी फळ्यापाशी आयुष्यभर पाहिली आहेत. म्हणून मी तिला वाक्य पूर्ण करायला लावले नाही. समोर रिक्षा येऊन थांबली. चालकाने सवयीने विचारले, "विहारापाशीच ना, बाई?" मी म्हटले, "नाही, आज थोडे पुढे. सुजाताच्या घरी." त्याने रिक्षा सुरू केली.

सुजाता गेली त्याला आता काही आठवडे लोटले. जलदान विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि सुजाताविषयी कोणीतरी लिहायला हवे, असे पल्लवीने सुचवले. मी प्रथम संकोचले. गेलेल्या माणसाचे काम दाखवायचे तर बोट ठेवता येईल असे काहीतरी हवे. सुजाताचे काम दिसते ते संगणकाच्या पडद्यावर, अक्षरांच्या डाव्या बाजूला, सुतळीएवढ्या जाडीच्या एका पट्टीत. ती पट्टी समजल्याशिवाय सुजाता समजणार नाही. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा, मी टप्प्याटप्प्याने सांगते.

सुजाता माझी विद्यार्थिनी. घर उर्से गावात, पण शाळेसाठी ती कुसगावला मामांकडे राहत असे आणि तिथून लोणावळ्याच्या आमच्या शाळेत येई. मी गणित शिकवत असे आणि तिच्या वर्गाची वर्गशिक्षिकाही होते. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला फळ्याचा तो कोपरा आठवत असेल. वर तारीख, तिच्याखाली 'पट', 'हजर', 'गैरहजर', आणि प्रत्येकासमोर खडूने लिहिलेला आकडा. आमच्याकडे पद्धत अशी होती की पहिल्या तासाला नावे घेऊन पूर्ण हजेरी व्हायची. त्यानंतर दर तासाला नावे पुकारण्यात वेळ घालवायचा नाही. कोणी मध्येच घरी गेले, कोणी उशिरा आले, तर त्याने मॉनिटरला सांगायचे आणि मॉनिटरने तेवढाच आकडा पुसून नवा लिहायचा. सुजाता मॉनिटर होती. तिचा कोपरा कधी चुकत नसे, आणि त्याचा तिला अभिमान होता. मात्र मधल्या सुट्टीनंतर मी पुन्हा पहिल्यापासून नावे पुकारत असे. एकदा ती भर वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी आकडा लिहिलाय. तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" मी तिला म्हटले होते, "अविश्वास तुझ्यावर नाही, सुट्टीवर आहे." ती खाली बसली, पण दिवसभर रुसलेली होती. मी तो प्रसंग विसरूनही गेले.

पुढे ती अभियंता झाली, पुण्यात एका कंपनीत बरीच वर्षे प्रोग्रामर म्हणून राहिली आणि घरून काम करण्याची सोय झाली तेव्हा उर्से गावात परत आली. येताच तिने विहाराच्या वरच्या खोलीत शनिवारचा वर्ग सुरू केला. कुठल्याशा कार्यालयातून मोडीत निघालेले लॅपटॉप तिने मागून आणले होते. बौद्ध वस्तीतली मुले-मुली आली, मग गावातल्या शेतकरी घरांतली आली, कुसगावहून पल्लवी आली. पल्लवीच्या घरची भातशेती आणि पर्यटकांना भाड्याने द्यायच्या चार खोल्या. त्या खोल्यांच्या चाव्या सांभाळत बसण्यापेक्षा काही शिकावे म्हणून ती पहिल्या तुकडीत दाखल झाली आणि आज स्वतः प्रोग्रामर आहे. मी निवृत्त झालेली. सुजाता मला म्हणाली, "बाई, मुलांना सूचना वाचता येतात, पण समजत नाहीत. तेवढं तुम्ही करा." अशी मीही त्या वर्गात दाखल झाले, आणि शिकवायला म्हणून जाऊन बरेच शिकले.

पहिली गोष्ट शिकले ती 'व्हर्जन कंट्रोल' ही. एखादा मोठा प्रोग्राम म्हणजे हजारो फायली असतात आणि अनेक माणसे त्यांत फेरफार करत असतात. कोणी, काय आणि कशासाठी बदलले, याची नोंद ठेवणारी ही व्यवस्था. नोंद असली की बिघडलेले काम मागच्या स्थितीला नेता येते. प्रोग्रामर ज्या खिडकीत बसून लिहितो त्या एडिटरमध्येच ही सोय जोडलेली असते. ओळीच्या डावीकडच्या पट्टीत नव्या ओळीला हिरवा रंग, बदललेल्या ओळीला निळा. पट्टी कोरी असेल, तर सारे काही शेवटच्या नोंदीशी जुळते आहे, असा अर्थ. सुजाताचा या पट्टीवर फार जीव होता. तिचे म्हणणे मला अजून शब्दशः आठवते. "बाई, बदल समोर दिसला तरच मुलं नोंद करतात. नोंद असली की चुकायला घाबरत नाहीत. आणि चुकायला घाबरलं, की शिकणं संपलं." मी इतकी वर्षे वर्गात घालवून जे सांगू पाहत होते, ते तिने तीन वाक्यांत सांगितले होते.

अडचण एवढीच होती, की त्या जुन्या लॅपटॉपांवर पट्टी सुरू केली की एडिटर अडखळायचा. बोट कळीवर पडायचे आणि अक्षर सावकाश उमटायचे. एक्स्प्रेस वेचा टोलनाका उर्से गावाच्या हद्दीतच; तेव्हा वर्गातल्या एकाने तिला ऐकवले, "ताई, नाक्यावं गाड्या थांबत्यात तशी हितं अक्षरं थांबत्यात. फास्टॅग लावा की त्यास्नी." सगळे हसले, सुजाताही हसली. पण मुले गुपचूप पट्टी बंद करून लिहू लागली होती, हे तिने पाहिले होते. आणि हे केवळ आमच्या वर्गापुरते नव्हते. तो एडिटर देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी मिळून बनवलेला. त्यांच्या चर्चेत कोणीतरी प्रस्ताव मांडला, की पट्टीमुळे सगळ्यांनाच मंदपणा जाणवतो, तर ती काढूनच टाकावी. ज्याला बदल पाहायचे असतील त्याने वेगळी खिडकी उघडून पाहावेत. सुजाताने विरोध नोंदवला. उत्तर आले, की पुढच्या आवृत्तीपर्यंत वेगवान करून दाखवा, मग ठेवू. तेव्हापासून तिच्या मनात दुसरे काही नव्हते. पट्टी राहिली पाहिजे, आणि उर्से गावातल्या सर्वांत जुन्या लॅपटॉपवर ती अडखळता कामा नये.

तिची काम करण्याची रीत मला फार आवडे. इतरांनी सुचवलेला एकही उपाय तिने लगेच करून पाहिला नाही. आधी ती वेळ कुठे जातो ते मोजत बसली. सगळ्यांची समजूत अशी, की जुना आणि नवा मजकूर ताडून पाहण्यात वेळ जातो. मोजल्यावर निघाले वेगळेच. ताडून पाहणे झटक्यात होत होते; वेळ जात होता तो हजारो फायलींना एकेक करून 'तू बदललीस का?' असे विचारण्यात, आणि तेही लिहिणाऱ्याने जरा हात थांबवला की दर वेळी. हे सांगायला ती माझ्या घरी आली होती. चहा पिता पिता मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही दर तासाला हजेरी का घेत नव्हता?" मी सांगितले, शाळेची पद्धतच तशी होती, मॉनिटर असताना कशाला घ्यायची. तिने कप खाली ठेवला... ती उठून गेली तेव्हा तो अर्धा भरलेला होता.

उपाय सुचला तो असा. संगणकाची जी मूळ व्यवस्था असते तिला प्रत्येक फाइलची हालचाल कळत असते, आणि सांगून ठेवले तर ती कळवतेही. मग सगळ्यांना विचारत कशाला फिरायचे? एडिटर उघडताना एकदा पूर्ण हजेरी घ्यायची. त्यानंतर जिची हालचाल झाल्याचा निरोप येईल तेवढीच फाइल तपासायची. मॉनिटरने तेवढाच आकडा पुसायचा. पुढच्या काही शनिवारी हे हळूहळू आकाराला आले, आणि एक दिवस सर्वांत जुन्या लॅपटॉपवर बोटासरशी अक्षर उमटू लागले. "लागला बाबा फास्टॅग," असे कोणीतरी मागून म्हणाले. त्या दिवशी तिने मुलांसाठी भेळ मागवली होती. स्वतः मात्र खाल्ली नाही. तिच्या आजाराचे निदान त्याच आठवड्यात झाले होते. ते मला नंतर कळले.

आता चुकीविषयी लिहिले पाहिजे, कारण खरा धडा तिथेच आहे. विहार समितीचा एक नियम आहे: खोली रिकामी होत असेल तर मेन स्विच बंद. नियम चांगला आहे. त्यामुळे जेवायला खाली उतरताना शेवटचा माणूस मेन बंद करतो, आणि ज्यांच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या आहेत ते लॅपटॉप झोपी जातात. त्या शनिवारी पल्लवीने सकाळभर खपून वर्गाच्या सामाईक कामातला एक मोठा भाग लिहिला होता. नोंद जेवणानंतर करू, असे ठरवून ती उठली. परत येऊन लॅपटॉप जागा केला तर पट्टी कोरी. तिला वाटले, नोंद आपण करून ठेवली असावी. तो लॅपटॉप दुसऱ्या मुलीला द्यायचा होता, म्हणून तिने आपले फोल्डर पुसून टाकले आणि नोंदीतून ताजी प्रत उतरवून घेतली. त्या प्रतीत तिची सकाळ नव्हती... झाले होते असे, की संगणक झोपला तसा निरोप देणारा मॉनिटरही झोपला, आणि जागा झाल्यावर त्याने आधीचे निरोप विसरून कोऱ्या पाटीने सुरुवात केली. वर्गातून कोण गेले हे त्याला माहीत नव्हते, आणि तरी फळ्याच्या कोपऱ्यात 'सगळे हजर' असे लिहिलेले होते.

पल्लवी रडवेली झाली. "ताई, मी खात्री करायला हवी होती," असे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. सुजाताने तो लॅपटॉप आपल्याकडे ओढून पाहिला. मग म्हणाली, "चूक तुझी नाही. पट्टीने सांगितलं, तू मानलंस. मानणाऱ्याची चूक नसते." नंतर तिने एकेका लॅपटॉपपाशी जाऊन आपल्या हाताने ती सोय बंद केली, आणि देशोदेशींच्या त्या मंडळींना कळवून टाकले, की माझे काम वेगवान आहे पण खरे नाही, तूर्त ते स्वीकारू नका. मुदत जवळ येत होती आणि तिची तब्येत उतरत होती. तिला थांबवावे असे मला वाटले. पण संथ आणि खरे यांपेक्षा वेगवान आणि खोटे हे वाईट, हे तिचे गणित बरोबर होते. बरोबर उत्तरावर काट मारता येत नाही.

काही दिवसांनी पुण्याच्या रुग्णालयातून तिचा फोन आला. सलाइन चालू होते, आवाज थकलेला होता, पण त्यात शाळेतला जुना रुसवा स्पष्ट ऐकू आला. "बाई, मधल्या सुट्टीनंतर तुम्ही पुन्हा हजेरी घ्यायचात. मला इतका राग यायचा..." मी म्हटले, "अजून आहे वाटतं." ती हसली. "नाही. आज गेला. अविश्वास माझ्यावर नव्हता."

तिने काय केले ते मी मला समजले तसे सांगते. संगणक झोपून उठला, की आधी आलेल्या निरोपांवर विसंबायचे नाही. सगळ्या फायलींची पूर्ण हजेरी पुन्हा घ्यायची. आणि ती होईपर्यंत पट्टी कोरी ठेवायची नाही, राखाडी करायची. राखाडी म्हणजे 'अजून पाहिलेले नाही'. हिरवा, निळा आणि कोरा या तिन्हींत 'मला माहीत नाही' असे म्हणण्याची सोयच नव्हती. ती तिने करून दिली. मला विचाराल, तर तिच्या साऱ्या कामातला हा सर्वांत प्रामाणिक भाग आहे. प्रोग्रामच्या अशा तुकड्याला नाव द्यायचे असते, तसे तिने ते इंग्रजी अक्षरांत दिले: 'मधली सुट्टी'. पण एक अडचण उरलीच. पूर्ण हजेरी म्हटली, की ती चालू असताना अक्षरे पुन्हा अडखळणार.

आमची शेवटची भेट उर्से गावातल्या तिच्या घराच्या ओसरीवर झाली. दुपारच्या उन्हात ती उशीला टेकून बसली होती, मांडीवर लॅपटॉप, आणि एक्स्प्रेस वेचा आवाज संथपणे येत होता. तिची आई जवळच पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली. मला पाहताच त्या म्हणाल्या, "जयभीम, बाई. बरं झालं आलात. डाक्टरनं पडून ऱ्हा म्हून सांगितलंया, पन ह्या पट्टीचा रंग बदलंस्तवर ही घास गिळत न्हाई. तुमी तरी बोला हिला." सुजाता मान वर न करता म्हणाली, "आई, ही सवय लावली कोणी? त्यांनाच काय सांगतेस?" आई हसल्या, आणि सोललेले दाणे तिच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "मग दोगी मिळून सोला. बोटं कुटं तरी चालू द्या." आम्ही खरोखरच सोलत बसलो. पल्लवी आली, तीही बसली. बोलणे हजेरीवरच चालले होते. एकाच दमात सगळी नावे पुकारली तर वर्ग खोळंबतो, मग काय करावे, असे पल्लवीने विचारले. सुजाता काही वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "बाकावार घे. एक बाक झाला, की लिहिणाऱ्याला लिहू दे. मग दुसरा बाक. आणि जे पान तो वाचत असेल, तो बाक पहिला." थोडे थांबून पुन्हा म्हणाली, "हे तू लिही. माझं नाव पुष्कळ ओळींवर आहे." ते तिने अगदी सहज सांगितले, डबा दुसऱ्याच्या हाती द्यावा तसे. पल्लवीने मान खाली घातली आणि मूठभर शेंगा आपल्याकडे ओढून घेतल्या.

ते काम पल्लवीने जलदान विधीनंतर पूर्ण केले आणि मुदतीच्या आत पाठवले. वर्गातल्या प्रत्येक लॅपटॉपवर, मेन बंद करून, पुन्हा चालू करून, तिने ते आधी तपासले होते. तिकडून उत्तर यायला वेळ लागला. आले तेव्हा त्यात एकच शंका होती: वेग उत्तम आहे, पट्टी राहील, परंतु 'मधली सुट्टी' हे नाव कोणाला कळणार नाही, बदलावे का? पल्लवीने उत्तराचा मसुदा मला दाखवायला आणला. तिने लिहिले होते, की शाळेत दुपारी असा एक वेळ असतो, जेव्हा कोण कुठे गेले ते कोणालाच माहीत नसते. म्हणून तो संपल्यावर प्रत्येकाचे नाव पुन्हा घ्यायचे असते. मी त्यात एक स्वल्पविराम घातला, बाकी काही नाही. त्यावर कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका गृहस्थांनी लिहिले, की आमच्याही शाळेत असा वेळ असे, आणि आम्ही भिंतीवरून उडी मारून जात असू. नाव राहू द्यावे. ते राहिले. आता ज्यांनी लोणावळा पाहिलेले नाही, अशा माणसांच्या पडद्यांवरही दुपारी मधली सुट्टी होते.

एडिटरमध्ये कोणत्याही ओळीवर बोट ठेवले, की ती ओळ शेवटी कोणी लिहिली ते दिसते. मी अधूनमधून तो भाग उघडून पाहते. पुष्कळ ओळींवर सुजाताचे नाव आहे, काहींवर आता पल्लवीचे. जसजसे लोक सुधारणा करतील, तसतसे ओळीवरचे नाव बदलत जाईल. सुरुवातीला मला त्याचे वाईट वाटले. मग पल्लवीने मला समजावून सांगितले, की वरचे नाव बदलले तरी खालची नोंद पुसली जात नाही; मागे मागे गेले की ताई भेटतातच. विद्यार्थिनीच्या विद्यार्थिनीकडून शिकण्याचा हा योग मी आनंदाने स्वीकारला.

वर्ग चालू आहे. शनिवारी जेवण झाले, की कोणीतरी मेन चालू करतो आणि एकेक लॅपटॉप जागा होतो. सगळ्या पडद्यांवर डावीकडे राखाडी पट्टी उमटते आणि वरून खाली विरत जाते. खरे तर आता थांबायची गरज नाही, अक्षरे अडत नाहीत. पण मुलांना थांबायची सवय लागली आहे. पट्टी विरून आपल्या बदलांचे रंग दिसू लागले, की ज्याची त्याची मान हलते आणि ओठांतल्या ओठांत 'हजर' असे ऐकू येते. हे कोणी सुरू केले, मला माहीत नाही. मी विचारलेही नाही.

त्या खोलीतल्या फळ्याच्या कोपऱ्यातही 'पट' आणि 'हजर' लिहिण्याची पद्धत सुजातानेच पाडली होती, आणि ती स्वतःला पटात धरत असे. शिकवतो तोही शिकतोच, असे तिचे म्हणणे. ती गेल्यानंतरच्या पहिल्या वर्गाला पल्लवी खडू घेऊन त्या कोपऱ्यापाशी उभी राहिली. तिने हजरचा आकडा एकाने कमी केला, गैरहजरचा एकाने वाढवला, आणि पटाला हात न लावता खडू खाली ठेवला. मागच्या शनिवारी बेबडओहोळहून एक नवी मुलगी आली, तेव्हा पट एकाने वाढला; पण कमी तो अजून झालेला नाही. वर्गशिक्षिका म्हणून मी यावर आक्षेप घ्यायला हवा होता. पण नियम मला पाठ आहे. शाळा सोडल्याचा दाखला मागितल्याशिवाय कोणाचेही नाव पटावरून कमी करता येत नाही, आणि सुजाताचा दाखला मागायला अजून कोणी आलेले नाही.